काउंटरवरचे भाऊ

डिंडोलीतल्या डोळ्यांच्या खासगी दवाखान्यात भाऊ काउंटरवर बसायचे. खानदेशातली म्हातारी आली की अहिराणीत म्हणायचे, "भिऊ नको माय, दहा मिनिटनं काम शे." म्हातारी निर्धास्त व्हायची.

माझी आईही तशीच मोतीबिंदू काढायला आत गेली. तिथल्या ऑपरेशनच्या खोलीला परवानगी आहे का, हे मी विचारलंच नाही. आठवड्यात डोळ्यात पू झाला, डोळा गेला.

आईला घेऊन पट्टी बदलायला गेलो, त्याच दिवशी तपासणी आली. अधिकारी जिना चढेपर्यंत भाऊंनी त्या खोलीला कुलूप घातलं.

"इथं फक्त चष्म्याचे नंबर काढतो, साहेब."

"मग या बाई?"

"पडल्या बिचाऱ्या."

मी तोंड उघडलं, पण भाऊंचा आवाज ओळखून आईच आधी बोलली, "हो साहेब, पडले मी." आपला माणूस अडचणीत येऊ नये, एवढंच तिला वाटलं होतं.