चार फ्लॉप्यांतलं लग्न

आमचं लग्न एका फ्लॉपीत मावलं नाही.

लग्न लागलं मुरबाडला. आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी माझ्या थोरल्या बहिणीला शहापुरात सासरी पलंगावर निजवून ठेवलं. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. घरात चार पावलं टाकायची, उंबरा ओलांडायचा नाही. ताईने भावाचं लग्न पाहिलं नाही, आणि घाईत जमलेलं असल्याने नवरीही पाहिली नाही. म्हणून मी ठरवलं, तिला लग्न घरपोच द्यायचं!

फोटो कल्याणहून स्कॅन करून आणून मी माझ्या नव्या कॉम्प्युटरवर चढवले. भावोजींचा कॉम्प्युटर जुना, त्याला फक्त फ्लॉपी चाले. सगळे फोटो दाबून मी एकच फाइल केली (ट्रंकेत गोधड्या कोंबतात तशी), तरी ती एका फ्लॉपीत जाईना. शेवटी चार फ्लॉप्यांवर तिचे तुकडे केले आणि बाबांना समजावलं, की चारही एकत्र आल्या तरच फाइल उलगडते. बाबांनी मान डोलावली. मग मौल्यवान चीज एका पिशवीत ठेवू नये, या त्यांच्या जन्माच्या नियमाप्रमाणे घरातल्या चौघांना एकेक वाटून टाकली!

चौथी आईकडे गेली. आणि आई म्हणाली, तुमी व्हा पुढं. म्हसा गावची जत्रा भरलेय, होणाऱ्या बाळाला घोंगडी घेऊन मी मागनं येते.

दुपारी आम्ही तिघं शहापुरात पोचलो. ताईने आतूनच विचारलं, नवरी कशी आहे रे. मी म्हटलं, थांब, आता फोटोत दाखवतो. (नवरी तेव्हा माझ्या शेजारी चपला काढत होती.)

भावोजींनी कॉम्प्युटर सुरू केला, मी पहिली फ्लॉपी घातली. पडद्यावर उमटलं: शेवटची फ्लॉपी घाला.

"शेवटची आधी मागतोय," भावोजी म्हणाले.

"दुसरी दे," बाबा म्हणाले. "त्याला काय कळतंय."

त्याला कळत होतं. दुसरी दिली, नको. तिसरी दिली, नको. बाबांनी तिन्ही धोतराच्या सोग्याने पुसून दिल्या, तरी नको. भावोजींनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मी उदबत्ती लावली. त्याला हवी होती ती चौथी, आणि चौथी म्हशाच्या जत्रेत घोंगड्यांचा भाव करत फिरत होती!

आई दिवेलागणीला आली. चिवड्याच्या डब्यातून फ्लॉपी काढून पदराने पुसली. ती घातल्यावर कॉम्प्युटरने बाकीच्या तिन्ही निमूट मागून घेतल्या. मी विजयी आवाजात ताईला हाक मारली. ती आली ती संगीताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, खांद्यावर हात टाकून. आम्ही बाहेर फ्लॉप्या पुसत असताना ताईने तिला आत बोलावून घेतलं होतं. संगीताने तिचे पाय चेपले, केस विंचरले, आणि दोघींच्या गप्पा माझ्या लहानपणापर्यंत पोचल्या होत्या.

खरं सांगतो, त्या हट्टी फाइलीचे माझ्यावर उपकार आहेत. ती दुपारीच उलगडली असती तर फोटो बघून, चहा पिऊन आम्ही परतलो असतो. पुढे ताईच्या बाळंतपणात संगीता तिच्या उशाशी राहिली ती सख्ख्या बहिणीसारखी. त्याची सुरुवात त्या दुपारची.

तर फोटो. पहिलाच वरून खाली, ओळीओळीने उतरला. संगीता सुरेख आली होती. शेजारी मी, डोळे मिटलेले, पेढ्यासाठी आ वासलेला.

ताईने बराच वेळ निरखून पाहिलं. "नवरी तर माझ्या वळखीची झाली. हा बाजूचा कोण?"

मी तोंड उघडायच्या आत संगीता म्हणाली, "मला पण नीट माहीत नाय, ताई. आत्ताच वळख झालेय."