हात छापलेलं कापड

लोणारात आमचं घर बसस्थानकापासून जवळ आहे. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आणि मागच्या ओसरीत माझ्या धाकट्या जावेचा सुईदोरा, अशी आमची वाटणी. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, आणि हातातलं काम दिवे लागायच्या आत उरकलं नाही तर माझा जीव वरखाली होतो. ती लेकरांच्या गोधड्या शिवते आणि एकेका गोधडीला महिना लावते. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तशी माझ्यामागून या घरात आली आणि गावात नाव तिचं झालं. आता मला त्याचा राग येत नाही असं लिहिणार होते, पण कधी कधी येतो.

तिच्या गोधडीत खूण असते. कोणाकडे बाळ झालं की ती तिथे जाऊन बसते, चहा पिते, फारसं बोलत नाही आणि बाळाचं काहीतरी हेरून येते. माझ्या मुलीच्या गोधडीवर मांजर आहे, कारण ती मांजरासारखी रडायची. शेजारच्या पोराच्या गोधडीवर ट्रॅक्टर आहे. त्याच्या बापाने ट्रॅक्टर आणि पोरगा एकाच आठवड्यात घरी आणला होता. लेकरं मोठी होतात आणि अंथरुणांच्या ढिगातून आपापली गोधडी बरोबर ओढून काढतात. मी इतकी वर्षं शिवते आहे, पण माझा ब्लाउज कोणी असा छातीशी धरून झोपलेलं नाही.

शिवायची रीत सासूबाईंची. जुनी लुगडी अंथरायची, कोपऱ्यांवर वजनाला दगड ठेवायचे, कडेपासून धावदोरा घालायचा आणि चारी बाजूंनी फेरे घेत मध्यावर येऊन थांबायचं. त्यांचा एक नियम होता. लेकराच्या गोधडीत एकदा घातलेला दोरा उसवायचा नाही. चुकलं तर वरून ठिगळ लावायचं. मला हा नियम कधीच पटला नाही, कारण मशीनवाल्या बाईचा अर्धा जन्म उसवण्यात जातो.

जावेची मुलगी जन्मापासून ऐकत नाही. ते आम्हाला कळलं ती वर्षाची होत आली तेव्हा. दिवाळीत दाराशी फटाक्यांची लड लागली आणि पाळण्यातली पोर हललीसुद्धा नाही. बारशाला तिच्या आत्याने रीतीप्रमाणे कानात नाव सांगितलं होतं, पाठीवर धपके बसले होते, घुगऱ्या वाटल्या होत्या. पुढे कितीतरी वर्षांनी जाऊ एकदा गहू निवडता निवडता म्हणाली, "कानात सांगतलं खरं जाऊबाई, पण ते नाव तिच्यापोत पोचलंच नाई. आपणच घेऊन बसलो ते."

मी सुपातले खडे शोधत बसले.

मुलीला बोलवायचं म्हणजे जाऊ चिंध्यांची गोळी करून तिच्या पाठीवर मारायची. लिंबाएवढी मऊ गोळी. नेम असा की बोलायची सोय नाही. पोर वळायची, आई हाताने जेव, ये, झोप असं काहीबाही सांगायची, आणि घरातल्या घरात तेवढं भागायचं. बाहेर भागत नव्हतं. गावातल्या शाळेत ती शेवटच्या बाकावर चित्रं काढत बसायची. शेवटी तिला नववं वर्ष लागलं तेव्हा, जूनमध्ये, माझ्या दिराने तिला जिल्ह्याच्या गावी, न ऐकणाऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घातलं. त्या दिवशी जावेने सकाळपासून दोन वेळा ओसरी सारवली.

पोर गेल्यावर तिने एकच ध्यास घेतला. वसतिगृहात मुलीच्या अंगावर गोधडी असेल ती तिला तिचं नाव सांगणारी पाहिजे. "मले तिले एकडाव नावानं हाक मारायची हाय," ती म्हणाली. "तोंडानं नाई तर नाई. कापडानं."

माझ्या मुलीने मोबाइलवर शोध शोध शोधून एक कापड काढलं. निळ्या सुती कापडावर हातच हात छापलेले. प्रत्येक हाताची बोटं वेगळी वळलेली, आणि हाताखाली बारीक इंग्रजी अक्षर. न ऐकणारी माणसं बोटांनी अक्षरं करतात, ती ही, असं तिने समजावून सांगितलं. मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड. गोधडी जुन्या लुगड्यांची आणि वर हे शहरी थेर. जावेने माझं ऐकून घेतलं आणि कापड मागवायला सांगितलं.

ते नवरात्रात आलं. जाऊ त्या कापडाकडे ज्या डोळ्यांनी बघत बसली, तसं मी कोणाला पैठणीकडेही बघताना पाहिलेलं नाही. इंग्रजी अक्षरांची तिची ओळख जुजबी. माझ्या मुलीने कागदावर नाव लिहून दिलं, त्याबरहुकूम तिने एकेक हात कापून काढला, कडा आत दुमडल्या आणि गोधडीच्या मध्यावर ओळीने नाव बसवलं. मग कडेकडून फेरे सुरू केले. माझ्या गिऱ्हाइकांना मी दिवाळीच्या तारखा देत होते आणि मागे ओसरीत ही बाई टाक्याला टाका लावत होती. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली. चार महिन्यांत उंच झाली होती आणि तिच्या हातांना जणू तोंड फुटलं होतं. सारखे हलत होते. मध्यावरचे शेवटचे फेरे राहिले होते. जावेला धीर निघेना. तिने तशीच अपुरी गोधडी मुलीपुढे पसरली आणि त्या हातांच्या ओळीवर बोट ठेवलं.

मुलीने पाहिलं. निरखून पाहिलं. मग आईकडे पाहून मान हलवली, नाही.

आम्हाला वाटलं, कळलं नसेल. माझ्या मुलीने एका हाताखालचं इंग्रजी अक्षर दाखवलं. तेव्हा मुलीने ते अक्षर स्वतःच्या हातांनी करून दाखवलं, आणि आम्हा तिघींच्या डोक्यात एकदम उजेड पडला. ती दोन्ही हात वापरत होती. एका हातावर दुसऱ्या हाताची बोटं टेकवून तिची बरीचशी अक्षरं होत होती. कापडावरचा प्रत्येक हात एकटा होता. अक्षरं इंग्रजीच, पण हात कुठल्या परदेशातले. आमच्या इकडच्या शाळांतले नव्हेत. आम्ही मुलीला नावाने हाक मारली होती ती तिला न येणाऱ्या भाषेत.

माझा राग नाकावर असतो. विकणाऱ्याला, मोबाइलला, माझ्या मुलीला, सगळ्यांना मी एका दमात झोडलं आणि ब्लेड घेऊन त्या अक्षरांचा दोरा उसवायला बसले. जावेने माझा हात धरला.

"काऊन उसवून राह्यल्या?"

"मग काय चुकीचं नाव घेऊन झोपेल पोर?"

"लेकराचा दोरा उसवत नसतात." एवढंच बोलून तिने गोधडीची घडी घातली. मला तेव्हा ती बाई अगदी दगड वाटली. पण पुढे दोन दिवस तिने सुईला हात लावला नाही. आमच्या घरात तिच्या हातात सुई नाही म्हणजे कोणीतरी आजारी असावं असं वाटतं.

भाऊबीजेच्या दुपारी माझ्या मुलीच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. वसतिगृहातली मैत्रीण, चिखलीकडची. आमची मुलगी पाणी प्यायला उठली होती, जाऊ मोबाइल धरून बसली होती. मुलगी परत येऊन समोर बसली तशी पडद्यावरच्या पोरीने चिमूट केली आणि दुसऱ्या तळहातापासून कानापर्यंत हात वर ओढत नेला, गोधडीत लांब दोरा ओढतात तसा. आमची मुलगी लगेच ताठ बसली आणि हसून हात हलवला. थोड्या वेळाने मैत्रिणीमागे तिची धाकटी बहीण आली. तिनेही आमच्या मुलीकडे बघून सगळ्यात आधी तेच केलं. चिमूट, आणि दोरा वर.

कॉल संपल्यावर जावेने मुलीला ती खूण करून दाखवली आणि भुवया उंचावल्या, हे काय? मुलीने छातीवर हात ठेवला. मी. मग तिने सगळं नाटक करून सांगितलं. एक लहान मुलगी रडते आहे, फ्रॉक फाटला आहे. ही दप्तरातून सुई काढते, शिवते. दुसरीचं बटण तुटतं, ती येते. तिसरी उशी घेऊन येते. मग पोरी हिला नाव देतात. तिथे अक्षरं जुळवत कोण बसतं? प्रत्येकाला एक खूण असते आणि त्या खुणेने हाक मारतात, हे आम्हाला त्या ओसरीत कळलं.

जावेने तिला सुई कधी हातात धरून शिकवली नव्हती. पोर नुसती बाजूला बसायची, पाठीवर गोळी बसेपर्यंत बघत राहायची.

"तिले नाव हाय व जाऊबाई," जाऊ म्हणाली. "मायं पोचलं नाई. पण तिले नाव हाय." आणि ती रडली. आमच्या घरात ती रडते तेव्हा आवाज होत नाही, पण मी शेजारी बसले होते, मला कळलं. मलाही रडू आलं, आणि माझा आवाज झाला.

त्याच संध्याकाळी तिने सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा काढला, मुलीचा चिमूट केलेला हात त्यावर टेकवून खडूने रेघ मारली आणि कापला. मी म्हटलं, आण इकडे, मशीनवर आत्ता बसवून देते. ती नुसती हसली. परक्या हातांची ती ओळ तिने उसवली नाही. हिरवा हात त्या ओळीवरच चढवला. चिमटीच्या टोकातून तिने लाल दोरा काढला, आणि मध्यावरचे राहिलेले सगळे फेरे त्याच दोऱ्याने घातले. बघणाऱ्याला वाटावं, तो हातच ही गोधडी शिवतो आहे. मी आयुष्यात पुष्कळ शिवण पाहिली, केली, नावंही ठेवली. असं काम मला सात जन्मांत जमायचं नाही, हे मी तिला तेव्हा तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "तुमी पिशवी शिवा."

उरलेल्या निळ्या कापडाची मी गोधडीसाठी पिशवी शिवली, दुहेरी टीप मारून. मुलीला ती फार आवडली. परदेशी हात मैत्रिणींना दाखवायचे होते.

निघायच्या दिवशी बसस्थानकावर ही गर्दी. सुट्ट्या संपलेल्या, सगळ्यांची पोरं परत निघालेली. दीर मुलीला घेऊन बसमध्ये चढले. तिला खिडकी मिळाली, पण त्या बसच्या काचाच अशा घट्ट बसलेल्या की दिरांनी जोर लावला तरी सरकेनात. इंजिन सुरू झालं. आमच्या आजूबाजूला आया ओरडत होत्या, डबा खाजो, फोन करजो, आणि आतली पोरं काचेला कान लावून काय, काय करत होती. कोणालाच काही ऐकू जात नव्हतं.

आमची मुलगी मान खाली घालून पिशवीत काहीतरी बघत होती. जावेच्या मुठीत सवयीने केलेली चिंध्यांची गोळी होती. ती मारून काय उपयोग, मध्ये काच. बस मागे सरकायला लागली तशी माझाच जीव खालीवर झाला आणि मीही ओरडले, अगं, इकडे बघ. मलाही तेवढी अक्कल राहिली नव्हती.

जाऊ हलली नाही. डोळे खिडकीवर ठेवून उभी राहिली. बस वळली आणि मुलीने मान वर केली, तेव्हा हिने गोळी खाली टाकली, चिमूट केली आणि दोरा ओढला, तळहातापासून कानापर्यंत, सावकाश.

मुलीने आपली हाक ओळखली. तिने दोन्ही हात काचेवर ठेवले, मग बोटं हलवत घाईघाईने बरंच काही सांगितलं. बस मेहकरच्या रस्त्याला लागेपर्यंत सांगत होती.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"समदं नाई समजलं," जाऊ म्हणाली. "पण ओ देल्ली तिनं."