हात वर, अर्धी गिरकी

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकाही माणसाला हातातली पिशवी उघडायला लावल्याशिवाय दाराबाहेर जाऊ दिलं नाही, मग ते दार कंपनीचं असो, स्वतःच्या घराचं असो, नाहीतर देवळाचं. कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल. वाटू दे बापडी. मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो आणि तारापूरच्या ज्या रंगाच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो त्याच कारखान्याच्या गेटवर ते वॉचमन होते. म्हणजे सकाळी घरातून निघताना एकदा आणि संध्याकाळी कंपनीतून निघताना एकदा, असा माझा जेवणाचा डबा त्यांनी रोज दोन वेळा उघडून पाहिलेला आहे. सकाळी त्यात त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, दिलेली वालाची उसळ असायची आणि संध्याकाळी काहीच नसायचं. तरी संध्याकाळीच ते जास्त वेळ बघायचे. गावदेवीच्या जत्रेत तर दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्या बायका त्यांना दारात उभं बघितलं की आपणहून प्रसादाची पिशवी पुढे करत, आणि हे गृहस्थ आत डोकावून "चला" म्हणत.

मी मूळचा सोलापूरकडचा. ऐंशीनंतर बोईसरला जिकडे तिकडे कारखाने उभे राहत होते, तेव्हा मी तिथे आलो आणि आल्या आल्या जो गोंधळात पडलो तो अजून पुरता बाहेर आलेलो नाही. घरात ते मालक आणि मी भाडेकरू, म्हणून घरात ते मला "तू" म्हणत. कंपनीत मी साहेब आणि ते वॉचमन, म्हणून गेटवर ते मला "तुमी" म्हणत. इथवर ठीक होतं. पण सकाळी "तुझा कंदील रातभर जळत व्हता, रॉकेल काय फुकट येतं?" असं खडसावणारा माणूस अर्ध्या तासात खाकी कपडे घालून टाच आपटून सलाम ठोकायचा, तेव्हा त्या सलामाला काय उत्तर द्यावं हे मला कधीच सुचलं नाही. एकदा मी पास विसरलो. गेटवर त्यांनी हात आडवा केला.

"पास?"

"अहो काका, मी!"

"ते दिसतंय साहेब. पास कुटं हाय?"

"खोलीवर राहिला."

"मंग जाऊन घेऊन या."

"काका, ती खोली तुमचीच आहे!"

"असंल. गेट कंपनीचं हाय."

मी निमूटपणे परत गेलो. संध्याकाळी घरी मला चहा देताना ते काकूंना म्हणाले, "ह्या पोराला सांग, पास शर्टाला टाचून झोपत जा." त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. आपल्या भाडेकरूला कुठल्यातरी कडक वॉचमनने परत पाठवलं याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

त्यांचा गणवेश हा एक वेगळाच प्रकार होता. तो त्यांच्याआधीच्या धिप्पाड वॉचमनसाठी शिवलेला. आमचे काका अंगाने चवळीची शेंग. त्यामुळे तो शर्ट त्यांच्या अंगावर वाळत घातल्यासारखा दिसे आणि पट्टा कमरेला दोन वेढे घेऊन वर उरे. वॉचमन म्हटला की लोकांना मिशावाला पैलवान तरी लागतो, नाहीतर नेपाळी तरी. परगावचे ट्रकवाले लांबूनच ओरडत, "ओ बहादूर, गेट खोल!" काका शांतपणे सांगत, "बहादूर छुट्टी पे गया," आणि तो बिचारा ड्रायव्हर बहादूर परत येईपर्यंत बाहेर बिडी ओढत बसे. मॅनेजरसाहेबांच्या गाडीला सलाम ठोकायचा हे ठीक, पण गाडी नुसती धुवायला नेली तरी हे सलाम ठोकत. मी म्हटलं, काका, आत ड्रायव्हरशिवाय कुणी नाही. तर म्हणाले, "गाडी तर साहेबांची हाय ना? उद्या तिनं सांगितलं मंग?" आता गाडी कुणाला काय सांगणार होती, देव जाणे.

लोकांचं वॉचमनबद्दल काय मत असतं ते मला त्यांच्यामुळे कळलं. वॉचमन म्हणजे झोपाळू. वॉचमन म्हणजे ज्याला दुसरं काहीच जमलं नाही तो. चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर, आणि न झाली तर हा दिवसभर करतो तरी काय, हा प्रश्न. गावातल्या शाळेचे मास्तर तर भर वर्गात म्हणाले, "अभ्यास करा, नाहीतर गेटवर उभे राहाल." त्या वर्गात काकांची मुलगी मंदा बसली होती. ती रडत घरी आली. काकू मास्तरांचा उद्धार करायला लागल्या, तर काका म्हणतात, "मास्तर बराबर बोलला. नायच केला मी अभ्यास." हे ऐकून मंदा जास्तच रडली, आणि आपण तर मास्तरांच्या बाजूने बोललो, मग पोर रडते का, हे काही त्यांना उमगेना. ऑफिसातून गेटवर फोन आला आणि "कोण आहे तिकडे?" असं विचारलं, की ते हमखास सांगत, "कोन नाय साहेब, मीच हाय." हा माणूस आपल्या कामावर खूश होता की खजील होता हे मला कधी ठरवता आलं नाही. तोच खाकी शर्ट घालून ते ऐटीत मासळीबाजारात जात. काकूंना मात्र त्या शर्टाची इतकी लाज, की तो धुतला की मागल्या दारी केळीच्या आड वाळायला टाकत. सोयऱ्याधायऱ्यांत त्या सांगत, "हे कंपनीत हायत." कंपनीत म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं की त्यांना चुलीवरचं दूध आठवे.

मंदा मोठी झाली, शिकली, लग्नाची झाली. सफाळ्याकडचं एक चांगलं स्थळ आलं, मुलीला पसंत करून गेलं, आणि मग मध्यस्थाबरोबर निरोप आला की वॉचमनच्या घरी सोयरीक नको, चार माणसांत काय सांगायचं? काकूंनी अन्न सोडलं.  मंदा मात्र दुसऱ्या दिवसापासून तो खाकी शर्ट पुढल्या अंगणात, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा वाळत घालायला लागली. काकूंनी तो काढावा आणि तिने परत घालावा, असं बरेच दिवस चाललं. काकांचं लक्षच नव्हतं. त्यांना वाटलं, मागच्या बाजूला ऊन येत नसेल.

मग एडवणचं स्थळ आलं. मुलगा आयटीआय झालेला, निर्व्यसनी. मंदाने त्याला एका लग्नात पाहिलंही होतं आणि तो तिच्या मनात भरला होता हे सगळ्या घराला ठाऊक होतं. मुलाचे वडील म्हणे कुठल्याशा मोठ्या कंपनीत साहेब होते. झालं! काकूंची झोप उडाली. हेही स्थळ गेलं तर पोरीने हाय खाल्ली असती. शुक्रवारी कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी पाहुणे यायचे ठरलं, तसं काकूंनी काकांना समोर बसवून बजावलं.

"आजच्या दिस तुमी वॉचमन नाय."

"मंग कोन हाय?"

"कोनी नाय. तुमी गप बसा फकस्त. इचारलं तर म्हना कंपनीत हाय."

"आनि कंपनीत कुटं म्हनून इचारलं तर?"

"तर दूध बघायला आत या!"

खाकी शर्ट, टोपी, पट्टा, शिट्टी, सगळं माझ्या खोलीत आणून खुंटीला टांगण्यात आलं आणि मला खोलीला कुलूप लावायला सांगितलं. शिवाय मलाही ओटीवर बसवलं, घरात एक खरा साहेब दिसावा म्हणून.

आता पुढचं कळायला कंपनीच्या गेटवरची एक रीत सांगितली पाहिजे. पाळी सुटली की आम्हा साहेब लोकांची नुसती पिशवी बघत. कामगारांना मात्र अंगझडती द्यावी लागे. रांगेत पुढे यायचं, पिशवी वॉचमनच्या हातात द्यायची, दोन्ही हात वर करायचे आणि अर्धी गिरकी घ्यायची, म्हणजे पाठही चाचपता येते. रोजची सवय. माणसं गप्पा मारता मारता, गाणं गुणगुणत हात वर करून फिरत आणि पुढे जात. मंदा लहान होती तेव्हा तिने हे कधीतरी गेटवर पाहिलं आणि रोज शाळेला निघताना दारात तोच खेळ सुरू केला. दप्तर उघडं, हात वर, अर्धी गिरकी. काका तिच्या काखेत गुदगुल्या करत आणि "चला" म्हणत.

पाहुणे आले. मुलाचे वडील चांगले भरदार, पांढराशुभ्र सफारी घातलेले. त्यांच्यासमोर मीच कामगार दिसत होतो. मंदाने पोहे आणले, दोनचार प्रश्न झाले, मुलामुलीने एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं केलं. काका गप्प. काकूंनी त्यांच्या हातात पानसुपारीचं तबक देऊन ठेवलं होतं, आणि ते मी बघताक्षणी ओळखलं: हात मोकळे राहिले तर पिशवीकडे जातील, ही भीती! सगळं सुरळीत पार पडलं. पाहुणे उठले. मुलाच्या वडिलांनी पिशवी उचलली आणि ते दाराकडे निघाले. काकांनी तबक खाली ठेवलं. काकू आतून "अवो!" म्हणून ओरडल्या, पण तोवर काका दारात जाऊन उभे राहिले होते आणि त्यांचा हात पुढे झाला होता.

आणि त्या सफारीवाल्या साहेबांनी काय करावं? न थांबता, न बोलता त्यांनी पिशवी काकांच्या हातात दिली, दोन्ही हात वर केले आणि झकास अर्धी गिरकी घेतली.

काकांनी पाठ चाचपली, खिसे चाचपले आणि म्हणाले, "चला."

 मला आधी काही कळेचना. साहेब लोक हात वर कशाला करतील? मुलाची आई दबक्या आवाजात म्हणाली, "अवो, हात खाली घ्या!" त्यांनी ते हळूहळू खाली घेतले. त्यांचा चेहरा उतरला होता. आतून मंदा फिसकन हसली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"कंच्या खात्यात?" काकांनी विचारलं.

"पॅकिंगला," ते खाली मान घालून म्हणाले. "आनि तुमी?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी दोन्ही हात जोडले होते. देवाला की काकांना, ते समजत नव्हतं. दूध बघायला आत जाता आलं असतं. काकांनी एकदा आतल्या दाराकडे, मंदा उभी होती तिकडे पाहिलं आणि सरळ उभे राहिले.

"गेटवर. वॉचमन हाय मी."

आता संपलं, असं मला वाटलं. मुलाच्या वडिलांनी काकांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी झडती हलक्या हातानं घेता हां," ते म्हणाले. "आमच्या गेटवरचा मेला बरगड्या मोजतो." आणि परत आत येऊन बसले आणि म्हणाले, "चाय टाका पुन्यांदा."

मुलाची आई तेवढी धुसफुसत होती. "वॉचमन तर वॉचमन, पन सांगायचं तरी!" काकू म्हणाल्या, "मंग तुमी सांगितलंत?" त्यावर दोघी बराच वेळ एकमेकींना पोह्यांचा आग्रह करत राहिल्या. लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर मी काकांना विचारलं, "खरं सांगा, तुम्ही हात मुद्दाम पुढे केलात की सवयीने?" ते म्हणाले, "मलाच कळलं नाय रे. हात गेला." तेव्हा वाटलं, सवयच. पण ते तबक त्यांनी किती जपून खाली ठेवलं होतं ते आठवलं की पुन्हा गोंधळ होतो.

लग्न अंगणातच झालं. मंदा निघाली तेव्हा काकू, शेजारपाजारच्या बायका, सगळ्या रडत होत्या. काका मात्र नेहमीच्या जागी, दाराच्या चौकटीला टेकून उभे. मंदा त्यांच्यापुढे येऊन थांबली. तिने हातातली बॅग खाली ठेवून उघडली, आणि हिरवा चुडा भरलेले दोन्ही हात वर केले. भरजरी शालूत तिने सावकाश अर्धी गिरकी घेतली.

रडणाऱ्या बायका थांबल्या. काका खाली बसले आणि बॅग बघायला लागले. एकेक पातळ वर उचलायचं, खाली बघायचं, परत नीट ठेवायचं. एडवणला जायची जीप बाहेर हॉर्न वाजवत होती. सगळं बघून झालं तरी त्यांचे हात बॅगेतून निघेनात. शेवटी मंदाच म्हणाली, "बाबा, जाऊ?"

ते उठले.  "ह्यात आपल्या घरातलं लय काय चाललंय," ते म्हणाले. "पन जाऊ दे. चला."

पुढे माझी बदली झाली, मुलंबाळं झाली, बोईसर सुटलं. आजही कुणाच्या घरातून निघताना माझी पिशवी दारात आपोआप उघडली जाते, आणि मी क्षणभर थांबतो. काही विसरलंय का, म्हणून यजमान गडबडून विचारतात. मी "नाही, काही नाही" म्हणतो आणि पिशवी बंद करून निघतो.