तू आधी सांगायला हवं होतंस

मी उभा होतो तिथंच म्हातारीनं पाणी शिंपडलं. आधी पायपुसण्यावर. मग पॅसेजमधल्या तपकिरी कार्पेटवर, जिथनं जिथनं मी चाललो होतो तिथं. मग किचनमध्ये जाऊन मी तिच्यासाठी भरून ठेवलेला ग्लास सिंकमध्ये उपडा केला आणि नळावरही दोन थेंब टाकले. नळ मी सोडला होता ना!

गंगेचं पाणी. सीलबंद तांब्याच्या गडूत, विमानानं मँचेस्टरला आलेलं.

मी बघत राहिलो. 

तेव्हा मी हॉस्पिटलात पोर्टर होतो. पेशंटच्या ट्रॉल्या ढकलायचो. वॉर्डात कुणीतरी सांगितलं, घर विकत न घेताही घरांचा धंदा करता येतो. ज्याला घाईनं विकायचंय असा मालक शोधायचा. भाव ठरवायचा, करार आपल्या नावावर करायचा आणि तो करार पैसेवाल्या माणसाला द्यायचा. घर तो घेणार, आपल्याला मधली फी. म्हटलं, हे जमेल. पाय आहेत, तोंड आहे. शिफ्ट सुटली की टेरेसच्या, म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या, गल्ल्यांतनं हिंडायचो. बाग माजलेली, पडदे कायम ओढलेले असं घर दिसलं की लेटरबॉक्समध्ये चिठ्ठी. कुत्री अंगावर आली, शिव्या खाल्ल्या. हिवाळा गेला तेव्हा एक फोन आला. जोनचा.

जोन नवऱ्यामागं एकटी राहत होती. तिला कार्डिफला लेकीकडं जायचं होतं. तिनं माझ्याशी करार केला, सामान हलवलं आणि रिकाम्या घराची किल्ली माझ्या हातात दिली. "जे बोललास ते वेळेत कर, लव्ह," एवढंच म्हणाली. इकडं कुणालाही लव्ह म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या भरवशावर घर सोडून गेलं होतं.

घेणारे डॉक्टर आमच्या इथल्या मराठी मंडळातले. गणपतीत हॉलच्या खुर्च्या लावायला मी, आरतीचं ताट धरायला ते. घर बघून खूश झाले. "शाब्बास! तुला नजर आहे," म्हणाले. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. हा एक व्यवहार झाला की मंडळातले सगळे डॉक्टर आपल्याकडंच येणार, असं मनात मांडे खात होतो.

अडचण एकच. त्यांची आई पुण्याहून आली होती आणि परत निघाली होती. सॉलिसिटरकडं सह्या करायची तारीख तिच्या विमानानंतरची. मुहूर्त मात्र शनिवारचा. पूजा आईच्याच हातनं व्हायला हवी. डॉक्टर म्हणाले, "कागद काय, होतीलच रे. शनिवारी किल्ली घेऊन ये."

शनिवारी मी सकाळीच गेलो. खिडक्या उघडून ओलीचा वास घालवला. किचनची फरशी गुडघ्यावर बसून घासली. हीटिंग लावलं, म्हातारीला थंडी नको म्हणून. गुरुजी दुसरीकडं बुक होते, तेव्हा मंत्रांची सीडी लागली. डॉक्टरांच्या मिसेसनी कलश मांडला. आजी माझ्याशी गोड बोलत होत्या. पोरा, किती केलंस रे. मग विचारायला लागल्या.

"गाव कुठलं तुमचं?"

सांगितलं.

"गावात घर कुठल्या अंगाला?"

माझ्या लक्षात आलं. गावावरनं पडलेलं आडनाव माझं, त्यातनं काही कळत नाही. म्हणून हा वळसा.

"कुलदैवत कुठलं?"

"आमच्याकडं बुद्धवंदना होते, आजी."

मला लावायला उचललेलं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. "असं होय," म्हणाल्या आणि गडूचं सील फोडलं.

माझ्या आईच्या ओंजळीत लोक वरनं पाणी ओतायचे. ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण ते गावात. इथं, जोनच्या घरात, जिथली धूळ मी पुसली तिथं? डॉक्टरांच्या मिसेस मोबाइलमध्ये बघत बसल्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन हळूच बोलले. "आई जुन्या वळणाची आहे. मनावर घेऊ नकोस." तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित मी गिळलंही असतं. पण पुढं म्हणाले, "खरं म्हणजे तू आधी सांगायला हवं होतंस. किल्ली देऊन गेला असतास. तुलाच ऑकवर्ड झालं नसतं."

तिथं माझं डोकं फिरलं. म्हणजे चूक माझी! विटाळ लपवून आत घुसलो मी!

मी जाऊन सीडी बंद केली.

"डॉक्टर, हे घर तुमचं नाही."

"म्हणजे?"

"करार माझ्या नावावर आहे. तुम्ही अजून कशावरही सही केलेली नाही. सामान उचला."

"वेड लागलंय का तुला? दुसरा कोण घेणार आहे तुझ्याकडनं? मंडळात एक शब्द टाकला तर..."

"टाका. आधी बाहेर व्हा."

मी दार धरून उभा राहिलो. आजी पदर आवरून, अंग चोरून माझ्यासमोरनं गेल्या. मीही बाजूला सरकलो नाही.

ते गेले तसा जिन्यावर बसून रडलो. संतापानं रडलो. मग कार्पेटवरच्या अक्षता हूव्हरच्या मशीननं ओढून घेतल्या आणि जोनला फोन केला. घेणारा गेला, मीच घालवला, का ते सांगितलं. तिला पाण्याचं कळेना. दोनदा समजावलं. "माझ्या घरात?" म्हणाली. तिला राग आला. पण पुढं म्हणाली, "मला थांबता येणार नाही, लव्ह."

बरोबरच होतं तिचं. मुदतीत दुसरा कुणी मिळाला नाही. घर एजंटकडनं गेलं. किल्ली मी कार्डिफला जाऊन तिच्या हातात दिली. मंडळात डॉक्टरांनी शब्द टाकला होता. माझे फोन कुणी उचलेना. खुर्च्या लावायला मात्र निरोप आला. गेलो नाही.

चिठ्ठ्या टाकणं सोडलं नाही. कितीतरी गल्ल्यांनंतर दुसरं घर मिळालं. मग ग्लासगोहून एका डॉक्टरांचा फोन आला. मराठीच. घर बघायला आले. दारात हसून म्हणाले, "वा, आपला माणूस भेटला! गाव कुठलं?"

किल्ली माझ्या मुठीत होती. मी ती कुलपाला लावली नाही.

"गाव मागनं सांगतो," मी म्हटलं. "मी बौद्ध आहे. या घराची फरशी मी पुसलीय, नळ मी सोडलाय. शिंपडायला काही आणलं असेल तर गाडीतच राहू द्या. मान्य असेल तरच दार उघडतो."

तेव्हापासनं प्रत्येक दारात हे आधी सांगतो. आधी सांगायला हवं होतं ना? आता आधीच सांगतो. आणि कुलूप त्यानंतर.