दोन गुंठ्यांतला आंबा

सकाळी कुंपणापलीकडे शेजारच्या सुशीलाकाकू खड्डा खणताना दिसल्या. त्यांची जागा जेमतेम दोन गुंठ्यांची. तुकडेबंदीच्या कायद्यात एवढ्या लहान जागेचा व्यवहार बसत नव्हता, म्हणून घर बांधून वर्षं लोटली तरी सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव. काका म्हणायचे, "जागा नावावर होऊ दे, मग झाड लावू." ते तसेच गेले. परवा बातमी आली, कायदा बदलला. असे लहान तुकडे आता नियमित होणार.

"काकू, नाव लागलं?" मी विचारलं.

"अजून कुठलं! मुलगा म्हणतो, वेळ लागेल."

"मग थांबायचं थोडं."

"ह्यांनी थांबून बघितलं ना," म्हणत त्यांनी पिशवीतून आंब्याचं कलम काढलं.

विधानसभेत एक ओळ खोडतात, दुसरी लिहितात. ती ओळ अंगणापर्यंत पोचायला कधीकधी एक आयुष्य पुरत नाही. त्यात कुणाचा राग धरावा, हेही कळत नाही.

मी पलीकडे जाऊन कलम सरळ धरलं. काकूंनी माती दाबली आणि कुंपणाकडे पाहिलं.

"मोठा झाला की फांदी तुझ्याकडे येईल हं. चालेल?"

"येऊ दे की," मी म्हणाले.