चांदीच्या पत्र्याखालचा शिक्का

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईच्या देऱ्यात एका हार्डवेअरच्या दुकानात अळशीचं तेल घेत होतो. जुन्या बंदुकांच्या लाकडाला तेच लागतं. मोबाईलवर राशिदचं नाव दिसलं की मी आधी दिवसभराची कामं आठवून बघतो… जुनी सवय. मालकाच्या मुलाचा फोन म्हणजे आपलं काहीतरी चुकलेलं असणार. पण माझं काही चुकलेलं नव्हतं. बाबा सकाळी गेले, दुपारच्या नमाजनंतर दफन आहे, पोचशील का, एवढंच त्याने विचारलं. मी तेल न घेताच निघालो. फुजैराला पोचलो तेव्हा कबरीत माती लोटायला सुरुवात झाली होती. माझीही मूठ पडली, याचं समाधान आहे.

बाबा म्हणजे माझे वडील नव्हेत. फुजैरामागच्या डोंगराकडचे एक अमिराती गृहस्थ, माझा व्हिसा त्यांच्या नावावर. आम्ही कामाची माणसं त्यांना बाबा म्हणायचो आणि ते मला नज्जार म्हणायचे, म्हणजे सुतार. मी श्रीवर्धनकडचा यासीन. आठवीत शाळा सुटली, मामाच्या हाताखाली रंधा धरला आणि तोच रंधा मला इथे घेऊन आला. ज्या वर्कशॉपमध्ये होतो ते बंद पडलं तेव्हा बाकीचे कोणी परत गेले, कोणी शारजाला पांगले. मला बाबांनी ठेवून घेतलं. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मिळालेली गोष्ट फार विचारली तर हातची जाते, असं मला अजून वाटतं.

त्यांनी पहिल्यांदा बोलावलं ते बंदुका ठेवायच्या लाकडी स्टँडसाठी. मी खोलीच्या दारातच थबकलो. भिंती भरून बंदुका, शंभर-सव्वाशे वर्षांच्या, लष्कराच्या. मनात आलं, आईला हे कळलं तर ती पुढच्या विमानाने परत बोलावेल. बाबांनी माझा चेहरा बघितला, एक बंदूक खाली काढली आणि आतून बुजवलेली नळी दाखवली. सगळ्यांच्या नळ्या अशाच बंद केलेल्या, सगळ्यांचे पोलिसांचे परवाने. "सब मर गया," ते म्हणाले. "अब खाली बात करता है." त्यांची हिंदी मुंबईच्या बंदरावरची होती. तरुणपणी गलबतावरून खजूर घेऊन ते तिकडे जायचे.

बंदुका बोलतात त्या लोखंडावर ठोकलेल्या खुणांनी, हे मला हळूहळू कळलं. मुकुट आणि त्याखाली इंग्रजांच्या राणीची अक्षरं, मग कारखान्याचं नाव, मग साल. छोटा बाण म्हणजे सरकारी माल. दोन बाण टोकाला टोक लावून असले तर सरकारने ती विकून टाकली. लाकडी दस्त्यावरच्या आकड्यांवरून पलटण सापडते. एकीवर हिंदुस्थानातल्या पलटणीची खूण होती. ती मुंबईहून मस्कतला आणि तिथून उंटाच्या पाठीवर इथे आली असणार, असा बाबांचा माग. ती पुसायची असली की म्हणायचे, नज्जार, तुझ्या गाववाल्याला आज आंघोळ घाल. कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी पालथी करून मागची बाजू बघत. घरातल्या मुली हसायच्या, बाबा जेवणाचं ताटसुद्धा तपासून घेतात म्हणून.

दुपार कलली की मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या मोठ्या खोलीत, आसपासच्या वस्त्यांतून लोक आपापल्या आजोबांच्या बंदुका घेऊन येत. बाबा भिंग लावून वाचत आणि जे असेल ते तोंडावर सांगत. एकदा खोरफक्कनचा एक म्हातारा कोळी आला. त्याच्या आजोबाने म्हणे समुद्रात एका इंग्रजाला लोळवून ती बंदूक घेतली होती. बाबांनी बघितली आणि सांगितलं की ही पेशावरकडच्या डोंगरातल्या लोहारांनी केलेली नक्कल आहे. ते लोहार शिक्क्यांसकट हुबेहूब बंदूक घडवायचे, पण सालाला फसायचे. राणी मेल्यानंतरचं साल आणि वर राणीचीच अक्षरं! तुझ्या आजोबाने इंग्रजाला लोळवलं नाही, त्यालाच दुकानदाराने लोळवलं, असं बाबा म्हणाले आणि सगळी मजलिस हसली. म्हातारा कॉफी अर्धी टाकून उठला. मी नंतर भीत भीत विचारलं, गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं? बाबांनी भिंग पुसून डबीत ठेवलं. "लोहा को पूछा, लोहा बोला. हम कौन है बीच में?"

त्या खोलीत एक बंदूक मात्र कोणी कधी तपासली नव्हती. ती बाबांच्या वडिलांची. खाली कडी ओढून एकेक गोळी भरायची मार्टिनी जातीची, आणि तिच्या लोखंडी पेटीवर चांदीचा नक्षीदार पत्रा. तिची गोष्ट घरातलं पोरसुद्धा सांगायचं. एका इंग्रज अधिकाऱ्याची तुकडी डोंगरात वाट चुकली, बाबांच्या वडिलांनी त्यांना सुखरूप बाहेर काढलं, आणि अधिकाऱ्याने खूश होऊन स्वतःची बंदूक त्यांच्या हातात दिली. लग्नात पुरुष बंदुका हवेत फिरवत नाचतात, तेव्हा नवरदेवाच्या हातात हीच असायची. राशिदच्या मुलाचं, सैफचं लग्न ठरलं आणि पत्र्याचा एक कोपरा सुटलेला दिसला. बाबांनी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. पत्रा काढ, देऱ्यातल्या चांदीवाल्याकडून सरळ करून आण.

बारीक खिळे एकेक करून उपसले. पत्रा सुटला तसा खाली मुकुट दिसला, राणीची अक्षरं दिसली. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले, लहान मुलासारखे. मी चिंधीने खालची काजळी पुसली आणि साल वर आलं… मी वाचलं आणि बंदूक त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी भिंग लावलं.

"फिर साफ कर."

पुन्हा पुसलं. साल तेच राहिलं. राणीच्या मरणानंतरचं.

पत्रा परत बसवू का, मी विचारलं. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. बाबा उठून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याकडे फिरकले नाहीत. मजलिसही भरली नाही. बरं नाही, असं राशिद लोकांना सांगे आणि मला विचारी, काम झालं का, यल्ला, लग्न तोंडावर आलंय. मी म्हणायचो, इन्शाल्ला उद्या. पत्रा सरळ होऊन आला होता, माझ्या खणात पडून होता. बाबा सांगत नाहीत तोवर तो लावायची माझी छाती नव्हती आणि राशिदला खरं सांगायचीही नव्हती.

मग एक दिवस अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर ते आले, टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मेरा बाप झूठा था."

आपल्या मालकाच्या वडिलांबद्दल काय बोलणार? पण जे तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, बाबा, आमच्या खोलीतले सगळेच असं करतात. सुट्टीवर जाताना देऱ्यातून एक घड्याळ घ्यायचं, मनगटावर बांधायचं आणि घरी सांगायचं, अरबाबने, म्हणजे मालकाने, खूश होऊन दिलं. मीही करतो. कामाला कोणी चांगलं म्हटलं हे घरच्यांना कळायला नको का? आणि अरबाब काही दर वेळी देत नाही… हे बोलून झालं आणि समोर कोण उभं आहे ते माझ्या लक्षात आलं.

पण बाबा चिडले नाहीत. खाली बसले आणि थांबत थांबत सांगू लागले. वडील इंग्रजांबरोबर डोंगरात गेले होते हे खरं. परत आले तेव्हा पायाला खोल जखम होती, ती धुवायला पाणी लहानग्या बाबांनीच आणून दिलं होतं. बंदूक त्या वेळी हातात नव्हती. ती नंतर आली, मस्कतची फेरी झाल्यावर. इतकी वर्षं हे त्यांना आठवत होतं, पण एकापुढे एक ठेवून कधी बघितलं नव्हतं. "अंग्रेज ने कुछ नहीं दिया," बाबा म्हणाले. "तो उसने खुद को दिया." मग बंदुकीवर हात ठेवून मला सांगितलं, पत्रा दस्त्यावर लाव. शिक्का उघडा राहू दे.

लग्नात त्यांनी खोरफक्कनच्या त्या म्हाताऱ्याला मुद्दाम बोलावून शेजारी बसवलं, बंदूक आधी त्याच्याच हातात दिली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, ही तुझ्या बंदुकीची बहीण. मग वडिलांची खरी गोष्ट सांगितली, जखमेसकट. म्हाताऱ्याने बंदूक उलटसुलट बघितली आणि म्हणाला, तुझ्या बापाला निदान चांदी तरी मिळाली, माझ्या आजोबाला तीही नाही. या वेळी त्याने कॉफी संपवली. सैफ ती बंदूक घेऊन नाचला. राशिद मात्र फार चिडला. घराण्याची अब्रू पाहुण्यांसमोर काढायची काय गरज होती, म्हणून बरेच दिवस तो बाबांशी धड बोलत नव्हता.

पुढच्या सुट्टीला मी निघालो तेव्हा बाबांनी एक डबी हातात दिली. आत घड्याळ. मी काही बोलायच्या आत त्यांनी ते पालथं केलं. मागे चांदीवाल्याकडून अरबी अक्षरं कोरून घेतली होती… देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, साल. "अब घर में सच बोल," एवढंच म्हणाले. गावी आईला दाखवलं तर ती चुलीपुढून मागे न बघताच म्हणाली, "हो रे बाबा, अरबाबने दिलं. दर वेळी देतो तो." तिला सगळं ठाऊक होतं! मग मी मागची बाजू तिच्यापुढे धरली. कुराण वाचताना धरते तसं तिने अक्षरांखाली बोट धरलं आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं. ते पेटीत ठेव, घालू नकोस, असं ती अजून प्रत्येक फोनवर सांगते.

मी ते रोज घालतो. इथल्या घामाने मागची अक्षरं झिजत चालली आहेत, त्याची काळजी वाटते. बाबांच्या पुरसिशीला, म्हणजे दुखवट्याला, लोक येत होते तेव्हा मी कॉफी फिरवत होतो. गर्दी ओसरल्यावर राशिदने मला जवळ बोलावलं. मी नेहमीसारखी दिवसभराची कामं आठवून बघितली. त्याने फक्त घड्याळ मागितलं. हातात घेतल्याबरोबर पालथं केलं, कपाटातून बाबांचं भिंग आणलं आणि खिडकीशी जाऊन उजेडात बराच वेळ बघत राहिला. मग ते स्वतः माझ्या मनगटावर बांधलं.

"अजून वाचता येतं," तो म्हणाला.