पाडलेलं कुठं पडतं

आष्ट्याजवळच्या त्या गावात नाथाजींच्या शब्दाला सातबाऱ्याइतका मान. सैन्यात मिसाईल पाडणाऱ्या तुकडीत वीस वर्षं काढून ते सुभेदार होऊन परतले होते. रोज सकाळी दूध डेअरीच्या कट्ट्यावर बसून साऱ्या देशाचं आभाळ राखायचे, तेही दुसऱ्याच्या चहावर.

राहीबाई त्यांची विधवा वहिनी. तिचा एकुलता एक शंभूराज काकांच्याच तुकडीत निघाला, तेव्हा त्याच्या हातावर दही घालायला तिनं साफ नकार दिला. मग नाथाजींनी देव्हाऱ्यातला खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, "वैनी, आभाळातनं येईल ते आमी पाडतो." भंडारा उचलून खोटं बोलायची छाती आमच्याकडं कुणाची नाही. तिनं दही घातलं.

गेल्या वर्षी सीमेवर शंभूराजच्या तुकडीनं येणारं मिसाईल पाडलं. त्याचा जळता तुकडा त्यांच्याच तळावर कोसळला आणि पोराचा डावा पाय गुडघ्यापासून गेला. राहीबाई दिराचा हात धरून रडली आणि नशीब म्हणून गप्प बसली.

परवा ती दूध घालायला रांगेत उभी होती. कट्ट्यावर वाद पेटलेला. विश्वजीत मास्तर म्हणत होते, शंभरातली नव्वद मिसाईलं अडवली म्हणतात ती कागदावर. खरी किती अडली कुणी बघितलंय? शंभूराजचंच बघा. नाथाजींना ते झोंबलं. साऱ्या नोकरीवरच बोट ठेवलं होतं.

"मास्तर, ते पाडल्यालंच हुतं. पाडल्यालं काय आभाळात ऱ्हातंय व्हय? तुकडं आपल्याबी डोस्क्यावर येत्यात. पहिल्या दिवशीच शिकिवत्यात."

राहीबाईच्या हातातली किटली तशीच राहिली. म्हणजे भंडारा उचलला तेव्हा यांना सगळं ठाऊक होतं. शब्द तेवढा तोलूनमापून वापरला, 'पाडतो'. परक्यानं फसवलं तर शिव्या तरी घालता येतात. इथं घरच्यानंच देवाला साक्षी ठेवून केसानं गळा कापला होता.

ती तडक घरी गेली, भंडाऱ्याचा डबा घेऊन आली आणि सगळ्यांदेखत दिरापुढं धरला.

"भावजी, उचला. आन म्हणा, मला ठावं नव्हतं."

नाथाजींचा हात काही पुढं आला नाही. "तुमी तसं इचारलंच न्हाई, वैनी," ते पुटपुटले.

राहीबाईनं झाकण लावलं आणि घरची वाट धरली. पहिल्या दिवशी शिकवतात, म्हणजे शंभूराजलाही शिकवलंच असणार, हे तिला वाटेत सुचलं. दर रविवारी फोनवर 'आई, काय बी भ्या न्हाई' म्हणायचा तो. उंबऱ्यावर बसलेल्या पोरानं आईच्या हातातला डबा बघितला आणि मान खाली घातली.